तापीकाठची माणसे समुद्रकाठी

समुद्रकिनाऱ्याने आठवडाभर पायी चालायचे आणि त्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी निधी उभा करायचा, असा विचार अमळनेरच्या आमच्या मंडळींत प्रथम मांडला गेला, तेव्हा सर्वांत आधी पुढे आलेला प्रश्न अगदी रास्त होता. आमच्यातील निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे नाना म्हणतात, ते म्हणाले, "दुखणे सातपुड्यातले, पैसा खानदेशातला, मग चालायला कोकणात कशाला जायचे? तिथवर जाण्याचा खर्च थेट रुग्णांच्या हाती दिला तर काय बिघडेल?" त्या बैठकीत या प्रश्नाला कोणालाच समाधानकारक उत्तर देता आले नाही. एवढेच ठरले की प्रत्येकाने आपला प्रवास, जेवण आणि मुक्काम यांचा खर्च स्वतः करायचा आणि गोळा झालेल्या निधीतला एक रुपयाही चालणाऱ्यांवर खर्च होता कामा नये. हा ठराव झाल्यावर नाना स्वतः चालायला तयार झाले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, आणि त्याचे उत्तर मला वाटेवर तुकड्यातुकड्यांनी मिळत गेले.

चालणे आम्हा खानदेशी माणसांना नवीन नाही. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे, वैशाखात तेथे यात्रा भरते आणि आषाढीसाठी अमळनेरहून पंढरपूरला दिंडी जाते. तिकडे पूर्वेला कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघते आणि सुमारे महिनाभर चालून पंढरीला पोहोचते. लहानपणापासून आम्ही पाहत आलो आहोत की ज्या घरातून वारीला माणूस जात नाही, त्या घरातूनही काहीतरी जातेच. कोणी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते, कोणी गुळाची ढेप देते, आणि एखादी म्हातारी पदराच्या गाठीतली नोट काढून वारकऱ्याच्या हातावर ठेवते. ठेवताना ती म्हणते, "मन्हा नावनं पांडुरंगले हात जोडजो." ती नोट चालण्याच्या कष्टाची किंमत नसते. आपले पाय जेथे पोहोचू शकत नाहीत तेथे दुसऱ्याच्या पायांनी पोहोचण्याची ती सोय असते, आणि देणारी व चालणारा हे दोघेही एकाच वारीत असतात.

शहरांतून अशा सेवाभावी पदयात्रांसाठी पैसे जमवण्याची रीत थोडी वेगळी आहे. चालणारा आपल्या ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे अमुक इतक्या रुपयांचे वचन घेतो आणि जितके चालेल तितके पैसे जमतात. आमच्या तरुण मुलांनी हौसेने तसे छापील अर्जही करून आणले होते. ते अर्ज घेऊन आम्ही बाजार समितीच्या आवारात गेलो, तेव्हा कापसाची गाडी लावून बसलेल्या एका शेतकऱ्याने अर्ज नीट वाचून परत केला आणि विचारले, "तुमच्यातला कोणी वाटेत बसला, तर तितक्या पोरांचे औषध कमी करणार का?" त्यांनी किलोमीटरचा हिशेब न करता खिशातून पैसे काढून दिले आणि पावती मागितली. आठवडे बाजारात मिरची-लसूण विकणाऱ्या माय-बहिणींनीही तसेच केले. दोन-चार दिवसांत ते अर्ज बाजूला पडले. मला वाटते, हे योग्यच झाले. किलोमीटरमागे पैसे मागितले की चालणाऱ्याचा घाम हा व्यवहाराचा मध्यबिंदू होतो आणि ज्याच्यासाठी मागायचे तो कडेला पडतो. शिवाय अशा मागणीत जास्त चालणारा मोठा आणि थकून थांबणारा लहान ठरतो, आणि आमच्या यात्रेचा विषयच मुळी लवकर थकणाऱ्या मुलांचा होता.

पावती मागणाऱ्या त्या शेतकऱ्याचाही मला आदर वाटतो. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, नोंदणीकृत संस्थेच्या पावत्या वापराव्या लागतात, आणि 1950च्या सार्वजनिक न्यास कायद्याने घातलेल्या या अटी पुष्कळांना कटकटीच्या वाटतात. मला त्या वाटत नाहीत. ज्या माणसाने दिवसभराच्या विक्रीतले पन्नास रुपये दिले आहेत, त्याला ते कोठे गेले हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आमच्यातील बचत गट चालवणाऱ्या एका ताईंकडे जमा-खर्चाची वही होती. चालण्याच्या काळातही लोक देत राहिले, कधी फोनवरून, कधी वाटेवर हातात, आणि रोज रात्री जेवणापूर्वी ती वही सर्वांसमोर मोठ्याने वाचली जाई. त्या वाचनात कंटाळवाणे काहीच नव्हते. कोणत्या गावाने, कोणत्या गल्लीने, कोणत्या भजनी मंडळाने दिले हे ऐकताना आमच्यामागे किती माणसे चालत आहेत याची जाणीव होई.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो संसर्गाने होत नाही, कोणाच्या पापाने किंवा नजरेने तर नाहीच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडण एका जनुकातील बदलामुळे वेगळी होते, आणि शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात. त्यामुळे एरवी गोल आणि लवचिक असणारी तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या जागी असह्य वेदना होतात. हात, पाय, पाठ, पोट, कोठेही. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर सिकलसेलची पेशी दहा ते वीस दिवसांतच संपते, म्हणून रुग्णाला सतत पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, असतो आणि चार पावलांत दम लागतो. आई आणि वडील या दोघांकडून हा जनुक आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो आणि बहुधा त्याला आयुष्यभर त्रास जाणवत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. हे साधे गणित लग्नाआधी रक्त तपासून कळू शकते, आणि भिल्ल, पावरा यांसारख्या समाजांत जेथे या जनुकाचे प्रमाण अधिक आहे, तेथे ते कळणे फार गरजेचे आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि 2047 पर्यंत हा आजार हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

मग आमच्यासारख्यांच्या निधीची गरज कोठे उरते, असे कोणी विचारील. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी नियमित घेतली तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात, आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. रुग्णाला एसटीच्या भाड्यात सवलतही आहे. परंतु धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरावरच्या पाड्यापर्यंत एसटी जात नाही. पाड्यावरून उतरून रस्त्याला यायचे, तेथून जीपने तालुक्याला आणि मग पुढे नंदुरबारला. सोबत आई किंवा बाप, त्याची बुडालेली मजुरी, दोघांचे जेवण, आणि उशीर झाला तर रात्रीचा मुक्काम. गोळी फुकट असली तरी तिच्यापर्यंतची वाट फुकट नसते, म्हणून गोळीत खंड पडतो, आणि खंड पडला की झटका येतो. आमचा निधी या वाटखर्चासाठी होता आणि अचानक रक्त द्यावे लागले तर रक्तदात्यांना रुग्णालयापर्यंत आणण्यासाठी होता. हे सांगितले की खानदेशातल्या माणसाला फार समजावावे लागत नाही, कारण वाटखर्च ही गोष्ट येथे प्रत्येकाने सोसलेली आहे.

कोकणाचा किनारा निवडण्यामागे मात्र एक कारण अमळनेरचे होते. साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातील पालगडचा, आणि त्यांच्या आयुष्यातील शिक्षकपणाचा काळ आमच्या गावचा. 1924 ते 1930 अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातील मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे घडी करून ठेवणारा हा शिक्षक आमच्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला होता. 1930च्या सत्याग्रहात त्यांनी नोकरी सोडली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा ती लिहून घेणारे हात गुरुजींचे होते. 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी त्यांनी खानदेशची खेडी पालथी घातली. आणि 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसण्यापूर्वी ते महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवीत होते. कोकणाने आम्हाला असा माणूस दिला आणि आम्ही कधी त्याच्या गावाकडे पाहिलेही नाही, ही रुखरुख आमच्या ताईंनी बोलून दाखवली, आणि कोकणात जाण्याच्या बाजूने पारडे झुकले. चालणे सुरू करण्यापूर्वी आम्ही पालगडला जाऊन त्यांच्या घराचे दर्शन घेतले. घर साधे आहे. नाना ओसरीवर बराच वेळ बसून राहिले आणि कोणाशी बोलले नाहीत.

वेळासपासून गुहागरपर्यंत किनाऱ्याने चालायचे असे ठरले होते. किनाऱ्याने म्हणजे जेथे वाळू असेल तेथे वाळूवरून आणि जेथे डोंगर समुद्रात उतरला असेल तेथे वरच्या रस्त्याने. या चालीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटी ठरवते, आणि कोकणातील माणसे ती पंचांगावरून सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. एकादशी, चतुर्थी तोंडपाठ असलेल्या आमच्या माउल्यांना हे गणित तरुणांच्या आधी अवगत झाले. आम्ही पौष वद्य प्रतिपदेला निघालो होतो, म्हणजे ओहोटी पहाटे पावणेसातच्या सुमारास होती, आणि पौर्णिमेच्या उधाणामुळे पाणी फार दूर मागे सरले होते. त्यानंतर दररोज ओहोटी सुमारे पाऊण तासाने पुढे सरकत गेली आणि तिथी अष्टमीकडे जाऊ लागली तशी भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती सुरू होऊन वाळूची रुंदीही कमी होत गेली. सूर्योदयाच्या थंडीत सुरू झालेली आमची चाल अशा रीतीने रोज थोडी थोडी उन्हात ढकलली गेली.

नुकतेच पाणी उतरलेली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट असते आणि तिच्यावर अनवाणी चालण्याचे सुख काळ्या मातीच्या ढेकळांतून चालणाऱ्या पायांना पहिल्यांदा कळते. त्या वाळूवर लहान खेकडे बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडत जातात. वाळूतले खाद्य वेचून उरलेल्या वाळूची ती गोळी असते आणि पुढच्या भरतीला सारे पुसले जाते. मात्र पाण्यापासून दहा-वीस पावले वर गेले की कोरडी भुसभुशीत वाळू लागते, प्रत्येक पावलाला टाच रुतते आणि पोटऱ्या भरून येतात. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून दक्षिणेकडे चालताना उजवा पाय सतत थोडा खाली पडतो आणि डावा गुडघा दुखू लागतो. हे दुखणे दुसऱ्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाला झाले. वेळासच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, गावकरी ती अंडी राखतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले समुद्रात सोडतात. गावातल्या एका काकांनी आम्हाला ते कुंपण दाखवले आणि रात्री किनाऱ्यावर दिवे घेऊन फिरू नका अशी विनंती केली.

आमच्यासोबत धडगावकडचे एक भाऊ होते. त्यांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. ते पावरा समाजाचे, बोलायला मितभाषी, आणि त्यांच्याच आग्रहाने आमच्या चालीत एक नियम आला होता: दर अर्ध्या तासाने सर्वांनी थांबून पाणी प्यायचे, तहान असो वा नसो. मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी त्यांना सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली, फार दमणूक झाली की झटका येतो. म्हणून मुलीची पाण्याची बाटली हीच तिची पहिली औषधाची बाटली. खाऱ्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि आपण तहानलेले आहोत हेच कळत नाही, त्यामुळे हा नियम निरोगी माणसांच्याही उपयोगी पडला. एका थांब्यावर आमच्यातील एक माय समुद्राकडे पाहत म्हणाल्या, "कितलं पानी शे, पन पेवाले एक थेंब नही." त्यावर भाऊंनी सांगितले की त्यांच्या गावाची स्थिती याहून वेगळी नाही. सरदार सरोवराचे पाणी डोंगराच्या पायथ्याशी पसरले आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायका उन्हाळ्यात झऱ्याला रांग लावतात. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावे बाधित झाली, ती सारी अक्राणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, आणि त्याच तालुक्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. दवाखान्याला जाण्यासाठी तेथील काही पाड्यांना आधी पाणी ओलांडावे लागते.

तिसऱ्या दिवशीचा एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. भारजा नदीची खाडी होडीतून ओलांडून आम्ही केळशीला आलो होतो आणि तेथून आंजर्ल्याकडे निघालो होतो. वाटेत डोंगराची एक सोंड पाण्यात उतरलेली आहे, तिच्या पायथ्याच्या खडकांवरून ओहोटीच्या वेळी पलीकडे जाता येईल असे गावकऱ्यांनी सांगितले होते, पण दहाच्या आत. तृतीया होती, ओहोटी आठच्या सुमारास होऊन गेली होती आणि पाणी पुन्हा चढू लागले होते. आमचे तरुण पुढे होते. मागे नाना, गुडघा धरून चालणाऱ्या दोन माउल्या आणि त्यांच्या मागे भाऊ, असे शेपूट बरेच लांबले होते. तरुणांचे म्हणणे असे की जे पोहोचले आहेत त्यांनी खडकांवरून पार व्हावे आणि मागच्यांनी वरच्या रस्त्याने सावकाश यावे; पलीकडे भेटू. यात अविचार नव्हता. पाणी कोणासाठी थांबत नाही, आणि इतक्या दूर येऊन समुद्राकाठची सर्वांत सुंदर वाट सोडायची हे त्यांना जड जात होते.

भाऊ येऊन पोहोचले तेव्हा त्यांना कोणीतरी सहज विचारले की तुम्ही नेहमी सर्वांच्या मागे का चालता. ते म्हणाले की पाड्यावरून रस्त्याला उतरताना त्यांच्या घरी मुलगी पुढे असते आणि आईबाप मागे. पुढे चालणाऱ्याला मागच्याचा दम ऐकू येत नाही. मागे असले की ती थांबली हे लगेच दिसते. एवढे सांगून ते पाणी प्यायला बसले. त्यांनी कोणालाही काही सुचवले नव्हते. पण त्यानंतर खडकांचा विषय कोणी काढला नाही. सगळे मिळून डोंगराची चढण चढलो, नाना आणि त्या दोन माउल्या सर्वांत पुढे, आणि ज्या मुलांना वेगाची हौस होती ती त्यांच्या मागे. चढण तीव्र होती, वेळ दुप्पट लागला, ऊन डोक्यावर आले. वरून मात्र ज्या खडकांवरून जायचे होते ते पाण्याखाली जाताना स्पष्ट दिसले. उरलेल्या सर्व दिवसांत आमची रांग याच क्रमाने चालली.

दानासाठी चालताना वेग आणि अंतर यांचे कौतुक कशाला करायचे, हा प्रश्न मला तेथे पडला तो आजही पडतो. 1930 साली गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले, 12 मार्च ते 5 एप्रिल, सुमारे 385 किलोमीटर. सुरतेपर्यंत रेल्वे होती, एका दिवसात पोहोचता आले असते. पण साठी गाठलेला तो माणूस दिवसाला दहा-बारा मैलच चालला, सोमवारी थांबला, गावोगाव बोलला, आणि सुरतेला आमच्याच तापीकाठी पोहोचेपर्यंत देश त्याच्या पायांकडे पाहू लागला होता. तो लढा होता आणि आमचे काम फारच लहान. त्यांची तुलना मी करीत नाही. सावकाशीचा उपयोग मात्र दोन्हीकडे तोच आहे. गाडीतून जाणाऱ्याला कोणी थांबवून विचारीत नाही. पायी जाणाऱ्याला प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी विचारतो की कोठून आलात, कशासाठी चालला आहात, आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ दोघांकडेही असतो.

हर्णैला याचा अनुभव आला. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. होड्या लागतात, टोपल्या वाळूत उतरतात, बोली पुकारली जाते आणि क्षणात पुढच्या टोपलीकडे गर्दी सरकते. आमच्यातील निम्मी माणसे माळकरी, त्यामुळे ती थोडी बाजूला उभी होती. टोपली रिकामी करून बसलेल्या एका कोळीण मावशींनी आमच्या पिशवीवरची अक्षरे वाचून विचारले की हा कसला आजार. आमच्या ताईंनी तिच्याशेजारी वाळूत बसून सारे सांगितले, आईकडून काय येते, बापाकडून काय येते, पाणी का प्यायचे. मावशींनी लक्षपूर्वक ऐकले, मग आपल्या गावातल्या एका मुलाचे नाव घेऊन विचारले की त्याला वारंवार रक्त द्यावे लागते, ते हेच का. आमच्यासोबत डॉक्टर नव्हते, म्हणून ताईंनी तपासणीचा सल्ला दिला आणि दापोलीच्या सरकारी रुग्णालयात विचारायला सांगितले. मावशींनी ओल्या हाताने नोट काढून दिली. ती पावती घेईनात, ताई सोडीनात. शेवटी पावतीवर त्यांच्या नातीचे नाव घातले. समुद्राकाठच्या या बाईला धडगाव कोठे आहे हे ठाऊक नव्हते आणि ते जाणून घेण्याची तिला गरजही भासली नाही. आजारी लेकराची आई कोठेतरी वाट चालते आहे एवढे तिला पुरेसे होते.

मुरूड, कर्दे, लाडघर हा टप्पा मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांत सोपा होता: रुंद वाळू, सुरूची बने, आणि पर्यटकांची वर्दळ. फेसाबरोबर वाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे पाहून मन विषण्ण होते. आमची मुले जमेल तितके उचलत गेली. रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम असे. गावातल्या बायका भात, कुळथाचे पिठले आणि सोलकढी आणून देत, आणि आमच्या माउल्या त्यांना कळण्याच्या भाकरीचे पीठ कसे करतात ते, ज्वारीत उडीद किती घालायचे ते, बारकाईने समजावून सांगत. बरोबर आणलेले पीठ संपेपर्यंत त्यांनी चुलीवर भाकऱ्या थापून त्या घरांत वाटल्या.

दाभोळहून धोपाव्याला जाण्यासाठी वाशिष्ठीच्या खाडीतून फेरीबोट आहे. माणसांबरोबर मोटारी आणि ट्रकही तिच्यावर चढतात. तापी, गिरणा, पांझरा या नद्या पुलावरून पाहण्याची सवय असलेल्या आमच्या मंडळींनी बोट हलताच कठडे घट्ट धरले. धडगावचे भाऊ मात्र निर्धास्त उभे होते. धरणाच्या पाण्यातून बोटीने ये-जा करणे हे त्यांचे रोजचे जिणे. एका झटक्याच्या रात्री मुलीला बोटीत घालून नेतानाची हकीकत त्यांनी तेथे, पाण्याकडे पाहत, प्रथमच सांगितली. ती मी येथे लिहीत नाही. ती त्यांची आहे. इतकेच लिहितो की त्यानंतर पलीकडच्या धक्क्यावर उतरेपर्यंत कोणी बोलले नाही, आणि उतरल्यावर नाना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. आठवड्यापूर्वी या दोघांत नमस्कारापलीकडे ओळख नव्हती. सातपुडा आणि आमचे सपाटीचे खानदेश यांत अंतर फार नाही, एसटीने काही तासांचे आहे, पण ते अंतर सपाटीची माणसे क्वचितच ओलांडतात; बाजाराला, मजुरीला, दवाखान्याला डोंगरातली माणसेच खाली येतात. अमळनेर-शिरपूर रस्त्यावर एकत्र चाललो असतो तर भाऊ पाहुणे आणि आम्ही यजमान राहिलो असतो. समुद्राकाठी कोणीच घरचा नव्हता. तेथे सगळे सारखेच परके, सगळ्यांना पाण्याची सारखीच भीती, आणि त्यातल्या त्यात पाण्याची जाण असलेला माणूस तोच एक. मला वाटते, कोकणात येण्याचे खरे कारण मला येथे मिळाले.

गुहागरच्या लांबलचक किनाऱ्यावर चाल संपली. व्याडेश्वराच्या देवळात सर्वांनी दर्शन घेतले, ताईंनी शेवटची वही वाचली, आणि रात्रीच्या बसने आम्ही परत निघालो.

त्यानंतर अमळनेरला झालेल्या बैठकीत निधीच्या विनियोगाची चर्चा झाली. वाटखर्च हा मूळ हेतू कायम राहिला, पण भाऊंनी एक मागणी मांडली: आश्रमशाळांतील मोठ्या मुलामुलींची तपासणी होते, तरी निकालाचा कागद घरी पोहोचतोच असे नाही, आणि पोहोचला तरी त्यावर काय लिहिले आहे हे पावरीत किंवा भिलोरीत समजावून सांगणारे कोणी नसते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, वाहक मुलीचे लग्न मोडायचे कारण नाही, फक्त दोन वाहकांनी आधी डॉक्टरांशी बोलायचे, हे त्यांच्या भाषेत सांगणारी माणसे हवीत. यावर बराच वेळ बोलणे झाले. काहींना वाटले की हा निधीचा विषय नाही. शेवटी असे ठरले की डोंगरातल्याच शिकलेल्या चार-पाच तरुणांना आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर फिरण्याचा वाटखर्च याच निधीतून द्यायचा, आणि त्याची नोंद वेगळ्या पानावर ठेवायची. नानांनी त्यांच्यासाठी मराठीत एक पानाचे टिपण लिहून दिले. भाऊंनी ते पावरीत करून घेतले. वहीतला खर्चाच्या बाजूचा पहिला आकडा एका मुलीच्या आणि तिच्या आईच्या जीपभाड्याचा आहे, पाड्याच्या फाट्यापासून धडगावपर्यंत, जाऊन-येऊन.